राजा, सासू, वैद्य आणि तेरा दिवे

रुचिताच्या कम्प्युटरच्या पडद्यावर दिवे असतात. शंभराहून जास्त. हिरवा म्हणजे हजर, लाल म्हणजे गैरहजर. ती दिवसभर त्यांच्याकडे बघते आणि मधूनच काहीतरी लिहिते.

यावरून चिखल्याच्या खाण कॉलनीत गोंधळ झाला. धर्मेंद्रची पोरगी खाणीतली हजेरी बघते, अशी बातमी पसरली. कोणीतरी खिडकीतून दिवे पाहिले होते. तेवढं पुरलं. ज्यांनी दांडी मारलेली असायची ते तिच्या दारावरून मान खाली घालून जायचे. एकाने तर तिच्या आईला, रीनाकाकूंना, ओटीभर शिंगाडे आणून दिले.

"वहिनी, पोरीले सांगा, त्या दिवशी खरंच ताप होता."

काकूंनी शिंगाडे ठेवून घेतले. उकडून आम्हालाच खायला दिले.

भैय्यालालमामांना भीती नव्हती. ते खाणीतून निवृत्त झालेले. तरी रोज सकाळी खिडकीशी थांबायचे.

"पोरी, माया दिवा हिरवा आहे ना?"

"हिरवा आहे, मामा."

"मंग चाय पेतो."

रुचिता आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढे तिने संख्याशास्त्र घेतलं, मी मराठी. ती नागपूरला गेली, मी भंडाऱ्याला. दोघी शिकून परत आलो. मी परत आले कारण मला दुसरीकडे कुठे बोलावणं नव्हतं. ती परत आली कारण तिला यायचं होतं. हे कळायला मला वेळ लागला.

ती काय करते, हे मी तिला एकदा नीट विचारलं. आम्ही त्यांच्या क्वार्टरच्या पायरीवर बसलो होतो. समोरच्या दोरीवर धर्मेंद्रकाकांचे खाणीतले कपडे वाळत होते. मँगनीजचा काळपटपणा धुतल्यावरही जात नाही.

"सातबारा कोणाजवळ असते?" तिने विचारलं.

"तलाठ्याजवळ."

"समज, तलाठीच नाही. सातबाऱ्याची एक-एक प्रत सगळ्यांच्या घरी. नवी नोंद कोण करन?"

"कोणीही करील. मग भांडणं होतील."

"म्हणून नियम आहे. ज्याले नोंद करायची त्यानं आपली नाणी गहाण ठेवायची. खोटी नोंद केली तर गहाण बुडालं. ज्याचं गहाण मोठं त्याची पाळी जास्त वेळा. ज्याच्याजवळ मशीन नाही तो आपली नाणी दुसऱ्याच्या पारड्यात टाकते. नाणी त्याचीच राहतात, वजन दुसऱ्याचं वाढते. ज्यांच्याजवळ मशिनी आहेत ते व्हॅलिडेटर. माया पडद्यावरचे दिवे म्हणजे ते."

"आणि तू?"

"सगळे सांगतात, आमच्याकडे मालक नाही. मी पाहते, खरंच नाही का."

हे वाक्य मी घरी येऊन स्वतःशी म्हणून पाहिलं. मी एम.ए.ला दोन वर्षं घालवली आणि असं एक वाक्य मला सुचलं नव्हतं.

मोजायची रीत तिने पुढे सांगितली. एकूण वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग ज्यांच्या हाती आहे, त्यांनी ठरवून हात वर केले की सगळं काम अडतं. तर असे कमीत कमी किती हात लागतील? तो आकडा काढायचा. आकडा मोठा असेल तर बरं. इतक्या लोकांचं एकमत होणं कठीण. आकडा लहान असेल तर मालक आहे, फक्त पाटी लावलेली नाही.

तेव्हा ती अशा मशिनींच्या ज्या जाळ्याचं, म्हणजे नेटवर्कचं, मोजत होती त्याचा आकडा कागदावर एकोणीस होता. ते जाळं चालवणारे लोक हा आकडा अभिमानाने सांगत.

"एकोणीस नावं आहेत," रुचिता म्हणाली. "माणसं किती, मले माहीत नाही. एक माणूस पाहिजे तितकी नावं घेऊ शकते."

"मग कळणार कसं?"

"तेच तर कळून नाही राहिलं."

तिला ते कळणं गरजेचं होतं. अशी जाळी मोजणाऱ्या एका लहानशा गटात ती काम करायची. चार-पाच माणसं, प्रत्येक जण वेगळ्या देशात. त्यांची प्रमुख मार्ता नावाची बाई, लिस्बनला बसते. रुचिता दिवाळीच्या महिनाअखेरपर्यंत कच्ची होती. काम पटलं तर पक्की. नाही पटलं तर पुण्याच्या एका ऑफिसातली नोकरी तिच्या आतेभावाने बोलून ठेवली होती. दिवाळीनंतरची गावची जत्रा, मंडई, झाली की तिथे रुजू व्हायचं.

"मले इथं राहून हेच करायचं आहे," ती एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणाली नाही. म्हणून मी ते विसरले नाही.

त्याच दिवसांत आमच्या दंडारीची तालीम चालू होती. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. एका दिवसाची जत्रा. जिलेबी, ऊस, शिंगाडे, फुगे, आणि दिवसाउजेडी दंडार. दंडारीत गाणी असतात, सोंगं असतात, थोडी कथा आणि भरपूर टोमणे. या वर्षी संवाद मी लिहिले होते. कैलाशभाऊ बसवत होते. त्यांचं तुमसर रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पण स्वतःची ओळख ते डायरेक्टर म्हणूनच करून देतात.

मी अकरा पात्रं लिहिली होती. नट सहा होते. दंडारीत याची कोणाला अडचण वाटत नाही. एकाने दोन-तीन सोंगं घ्यायची, पदर घ्यायचा, पागोटं घालायचं, आवाज बदलायचा. भैय्यालालमामांकडे तीन सोंगं होती. राजा, सासू आणि वैद्य. चांगली तीन त्यांनी निवडली आणि उरलेली वाटली. त्यांना विचारायची कोणाची हिंमत नव्हती. चाळीस वर्षं ते दंडारीत आहेत.

माझी चूक अशी झाली की मी एक प्रवेश लिहिला, त्यात सासू दरबारात येते आणि राजाकडे सुनेची तक्रार करते. प्रवेश मला फार आवडला होता. वाचून दाखवला.

मामांनी चष्मा वर केला.

"खुशबू, हे पोरी, ही सासू कोण आहे?"

"तुम्ही, मामा."

"अनं राजा?"

"तुम्हीच."

"मंग मी मलेच मुजरा घालू का? का घरून आरसा आणू?"

कैलाशभाऊ इतके हसले की पेटीवर डोकं ठेवून बसले. "एम.ए. झाली बापा आपली रायटर!" मला माझ्या पात्रांचे आवाज ऐकू येत होते. त्यांच्या आत कोण आहे ते मी पाहिलंच नव्हतं. प्रवेश काढून टाकला. पानं मात्र मी फाडली नाहीत.

रुचिता तालमीला रोज यायची. बसून शिंगाडे सोलायची आणि सगळ्यांना द्यायची. मामांच्या चपलांवर तिचं लक्ष असायचं. राजा असो, सासू असो, वैद्य असो, मामांच्या पायात तीच निळी प्लास्टिकची चप्पल.

"मामा, राजाची चप्पल सासूनं चोरली का?"

"तालीम आहे गं. मंडईत बदलन."

मग एका संध्याकाळी मामा आलेच नाहीत. दाढ दुखत होती म्हणून तुमसरला दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. कैलाशभाऊंनी पहिला प्रवेश सुरू केला, राजा नाही. दुसरा काढला, सासू नाही. तिसऱ्यात वैद्य नाही. त्यांनी ढोलकीवर हात आपटला.

"राजा गैरहजर, सासू गैरहजर, वैद्य गैरहजर! एका माणसाची दाढ दुखली अनं अख्खं राज्य बसलं!"

सगळे हसले. रुचिताही हसली. मग तिचं हसू मधेच थांबलं. हातातला शिंगाडा अर्धा सोललेला होता. तो तिने तसाच माझ्या हातात ठेवला आणि घरी गेली. मला वाटलं तिचं पोट बिघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला बोलावून घेतलं. पडद्यावर दिव्यांऐवजी लांबच लांब पट्ट्या होत्या. प्रत्येक व्हॅलिडेटरची एक पट्टी. तो कधी हजर होता, कधी गैरहजर, मागच्या कितीतरी महिन्यांचं.

"मी नावं पाहत होती," ती म्हणाली. "नावं सगळी वेगळी. देश वेगळे. ज्या खोल्यांत मशिनी ठेवल्या त्याही वेगळ्या. मी विचार करत बसली की एक कोण, दोन कोण. सोंग पाहून नट ओळखायले गेली ना! नट तर गैरहजरीत दिसते. ज्या दिवशी तो नाही, त्या दिवशी त्याची सगळी सोंगं नाहीत."

तिने काही पट्ट्या एकाखाली एक लावल्या. त्यांच्यातले लाल ठिपके एकाच रेषेत आले. जणू कोणी फूटपट्टी ठेवून आखलेत.

"एका ठिकाणची वीज गेली असेल."

"हे पहिलंच मनात आलं माया. पण एक मशीन एका देशात, दुसरी दुसऱ्या. वीज एकदम कशी जाईन? अनं पाहा, परत येतानाही एकाच क्रमानं येतात. दरवेळी हा पहिला, हा दुसरा, हा तिसरा. जसा कोणी एका ओळीनं बटणं दाबते."

"किती आहेत?"

"तेरा. त्या एकोणीसमधल्या तेरा."

मी बोटांवर हिशेब केला. तेराचा एक हात. उरले सहा.

"सात," मी म्हणाले.

"सात," रुचिता म्हणाली आणि खुर्चीवरून उठून खोलीभर फिरली. मग बाहेर जाऊन परत आली. मग मला म्हणाली, "चाल, भजी खाऊ."

आनंद फार टिकला नाही. तिने अहवाल पाठवला. त्यात आकडा होता, नावं नव्हती. त्या जाळ्याच्या लोकांनी ऑनलाइन खुली बैठक घेतली. मी रुचिताच्या मागे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले होते. त्यांचा बोलणारा माणूस गोड हसून म्हणाला की, योगायोगाला नाव देण्याची सवय नव्या माणसांना असते. पुष्कळ जण हसले. रुचिताचा चेहरा पडद्यावर पोस्टाच्या तिकिटाएवढा होता. तो हलला नाही.

नंतर मार्ताचा फोन आला. ती ओरडली नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. शंका असेल तर अहवाल मागे घे, असं ती म्हणाली. मागे घेतला तर तुझं काम बरं होतं पण घाई केलीस, एवढंच नोंदवलं जाईल. मागे नाही घेतला आणि खोटं ठरलं, तर मला तुला ठेवता येणार नाही.

घरात चर्चा झाली. रीनाकाकू म्हणाल्या, "घेऊन टाक मागं. मागं घेतलं तर कोणी जीव घेईन का तुया?" पुण्याची नोकरी त्यांनाही नको होती, पण पोरीवर कोणी हसावं हे त्याहून नको होतं.

धर्मेंद्रकाका पहिल्या पाळीवरून येऊन जेवत होते. ते कमी बोलतात.

"खरं आहे का?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मंग मागं कायले घेते?"

त्यांनी भात कालवला. चर्चा संपली.

रुचिताने मार्ताला सांगितलं, मी भाकीत करते. ते खोटं निघालं तर स्वतःहून जाते. जाळ्याची नवी आवृत्ती येणार होती. ती चढवायला प्रत्येक व्हॅलिडेटरला आपलं मशीन थोडा वेळ बंद करावं लागतं. कधी करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, फक्त आठवड्याच्या आत. रुचिताने तेरा नावं, परत येण्याच्या क्रमासकट, दोन्ही बाजूंना चालतील अशा तीन परक्या माणसांना आधी सांगून ठेवली. तिचं म्हणणं, हे एकदम बंद होतील. समोरच्यांनी अट घातली की तेरापैकी निदान नऊ एकाच वेळी गेले पाहिजेत. तिने मान्य केलं.

मला राहवलं नाही. "अगं, पण त्या माणसाला आता कळलंय ना, कोणी बघतंय म्हणून. तो सावध होईल. एकेक करून बंद करेल."

"करन."

"मग?"

"तेरा वेळा उठायचं, तेरा वेळा लॉगिन करायचं, तेरा वेळा थांबून पाहायचं. की एक बटण दाबून मोकळं व्हायचं? सावधपणा मोठा का आळस मोठा?"

मी मामांची चप्पल आठवत होते.

तो आठवडा आणि मंडई एकत्र आली. आठवड्यातले बरेच दिवस काहीच झालं नाही. इतर दिवे लाल होऊन हिरवे होत राहिले. ते तेरा मात्र शांत. मंडईच्या सकाळी त्यातला एक लाल झाला. एकटाच. थोड्या वेळाने हिरवा झाला. मग आणखी एक. तोही एकटाच.

रुचिता मंडईत आली ती लॅपटॉप छातीशी धरून. चेहरा उतरलेला.

"दोन गेले," ती म्हणाली. "वेगवेगळे. सावध आहे तो."

"अजून अकरा आहेत."

"आणखी तीन असे गेले की मी चालली पुण्याले."

मी तिला मांडवामागे नेलं. सोंगांच्या पत्र्याच्या पेटीवर लॅपटॉप ठेवला. फोन बांबूला बांधला, कारण तिथेच रेंज येत होती. मी हातात संवादांची पानं घेऊन पडद्याआड उभी राहिले. बाहेर माणूसच माणूस. आजूबाजूच्या गावांतून आलेले लोक, नव्या साड्या, जिलेबीच्या कढईचा वास, कोणाच्या तरी हरवलेल्या पोराच्या नावाचा पुकारा. खाणीतली पाळी संपवून आलेले लोक पुढे बसले होते. धर्मेंद्रकाका त्यांच्यात. रीनाकाकू बायकांत, पहिल्या रांगेत.

ढोलकी वाजली. राजा आला. मामांनी मोजडी घातली होती. मी कैलाशभाऊंकडे पाहिलं. त्यांनी अंगठा दाखवला. चपलांवरून त्यांनी मामांना आठवडाभर छळलं होतं.

राजाने टाळ्या घेतल्या आणि आत आला. मोजडी भिरकावली, लुगडं गुंडाळलं, हिरव्या बांगड्या चढवल्या, सासूच्या चपला शोधून घातल्या. धापा टाकत रुचिताला विचारलं,

"माया दिवा?"

"हिरवा आहे, मामा," ती म्हणाली. आवाज बारीक होता.

"मंग तोंड कायले पाडलं? सून मी आहे का तू?" असं म्हणून सासू बाहेर गेली.

सासूने मंडई गाजवली. रीनाकाकू खालून ओरडत होत्या, "असं नाही बोलत वो सासू! कंबरेवर हात ठेवा! बाई कधी पाहिली नाही का?" सासू मंचावरून म्हणाली, "तूच ये ना मंग वर!" लोक काकूंकडे वळून हसले. काकू तेवढ्यापुरत्या गप्प बसल्या.

मामा परत आत आले. आता वैद्य. वेळ कमी होता. लुगडं सोडलं, धोतर-कोट चढवला, दाढी लावली, चष्मा लावला. मी त्यांच्या हातात काढ्याची बाटली दिली. ते धावत गेले.

वैद्याने राजकन्येची नाडी बघायला हात पुढे केला आणि कोटाच्या बाहीतून हिरव्या बांगड्या खळखळल्या.

मग पहिल्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "सासूबाई, दाढी आली वाटते!"

मंडई फुटली. लोक एकमेकांच्या अंगावर पडले. मामांनी बांगड्यांकडे पाहिलं. मोजडी बदलली होती, चप्पल बदलली होती. तिसऱ्या वेळी हात राहिले. पण चाळीस वर्षांचा नट तो. त्यांनी राजकन्येला गंभीरपणे सांगितलं, "पोरी, रोग मोठा आहे. मी रात्री वैद्य असतो, दिवसा सासू."

मांडवामागे रुचिता हसत होती. खूप दिवसांनी तशी हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दोनदा बदललं," ती मला म्हणत होती, "खुशबू, पाहिलं ना? दोनदा बदललं, तिसऱ्यांदा..."

डोळे पुसत तिने लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं.

मीही पाहिलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण लाल रंग कळतो. हिरव्या दिव्यांच्या मधून लाल दिवे एकदम उमटले होते. ती मोजायला लागली. मी तिच्या ओठांकडे बघत होते. नऊवर ती थांबली नाही. दहा. अकरा.

"अकराच्या अकरा," ती म्हणाली.

तो माणूस दोनदा उठला होता. तिसऱ्यांदा कंटाळला.

मग ते परत हिरवे होऊ लागले. पहिला, दुसरा, तिसरा. तिने आधी सांगितलेल्या क्रमाने. ती प्रत्येकाचं नाव तो उजळायच्या आधी घेत होती आणि तो उजळत होता. मी बाहेर मंचावर पुढचं वाक्य सांगायचं विसरले.

वैद्य संवादासाठी पडद्याशी येऊन कुजबुजला, "पुढं काय वो रायटर?"

"मामा," मी म्हणाले, "रुचिताचे अकरा दिवे एकदम गेले!"

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"चांगलं! लई चांगलं!"

वैद्य परत मंचाच्या मध्यावर गेला. काढ्याची बाटली उंच केली आणि माझ्या पानांवर कुठेच नसलेलं वाक्य बोलला. "ऐका हो गावकरी! आज अकरा राजे एकदम आडवे झाले. नाडी पाहिली तर एकाच खाटेवर, एकाच चादरीत!"

लोकांना काही कळलं नाही, तरी ते हसले. धर्मेंद्रकाकांना कळलं. ते एकटे उभे राहिले आणि मांडवामागच्या बाजूला पाहत त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना बघून त्यांच्या पाळीचे लोक उठले. ज्याला खरंच ताप होता तोही.

तीन परक्या माणसांनी नावं जुळवली. सगळी जुळली. दुसऱ्या दिवशी त्या तेरांच्या मालकाने स्वतःच दोन ओळी लिहून टाकल्या. मशिनी माझ्याच आहेत, लपवायचं तसं कारण नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं. गोड हसणाऱ्या माणसाने बैठकीत सात हा आकडा वाचून दाखवला. या वेळी हसला नाही. लोकांनी मग आपली नाणी त्या तेरांच्या पारड्यांतून काढून दुसऱ्यांच्या पारड्यांत टाकायला सुरुवात केली. आकडा आठ झाला, मग दहा. रुचिता रोज सकाळी मला सांगायची, जसं कोणी शेजारच्या घरातल्या बाळाचं वजन सांगावं.

मार्ताने एकच ओळ पाठवली. तुझं ऑफिस चिखल्यातच राहू दे. रीनाकाकूंनी त्या ओळीचा अर्थ तीनदा विचारून घेतला. मग आतेभावाला फोन लावून पुण्याला नाही म्हणाल्या. आवाज इतका मोठा होता की फोनची गरज नव्हती.

भैय्यालालमामा जिलेबी घेऊन आले.

"पोरी, तू सगळ्या दुनियेचं मोजते. आपल्या दंडारीचं मोज ना."

रुचिताने खरंच मोजलं. पायरीवर बसून, मामांच्या समोर. "एक-दोन सोंगं कमी पडली तर कैलाशभाऊ निभावतात. तीन एकदम गेली की दंडार बंद. बरोबर?"

"बरोबर."

"तर दंडार बंद पाडायले कमीत कमी किती माणसं लागतात? एक. तुमी."

मामांची छाती फुगली. त्या दिवशी ते चहाच्या टपरीवर, किराणा दुकानात, खाणीच्या फाटकाशी, सगळीकडे सांगत फिरले. रुचितानं कम्प्युटरवर मोजलं, मी नाही तर दंडार नाही. संध्याकाळी ते परत आले तेव्हाही खुशीत होते.

रुचिताने त्यांना पाणी दिलं.

"मामा, दाढ कशी आहे?"

"दुखते अजून थोडी."

"पुढच्या मंडईच्या दिवशी जास्त दुखली तर?"

मामा पाणी प्यायले. पेला खाली ठेवला. समोरच्या दोरीकडे बघत बसले. चाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. विचारला असता तर त्यांनी भांडण केलं असतं. पण ही मोजून विचारत होती आणि हसतही होती.

"सासू कोणाले द्यावं मंग?" शेवटी ते म्हणाले. "माया सासूसारखी सासू कोणाले जमन?"

आतून रीनाकाकूंचा आवाज आला. "कंबरेवर हात ठेवता येत नाही अनं म्हणे सासू!"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावची मंडई होती. मी घरून ती न फाडलेली पानं आणली. राजा दरबारात बसला होता, पायात मोजडी. बाहेरून सासू आली. कंबरेवर हात, खरंखुरं लुगडं, हातात स्वतःच्या बांगड्या. तिने राजाला मुजरा घातला नाही. सरळ सिंहासनापुढे गेली आणि सुनेच्या आधी राजाचीच तक्रार मांडली. कर कसा, रस्ता कसा, नळाला पाणी का नाही. यातलं निम्मं मी लिहिलेलं नव्हतं. राजा आपलं वाक्य विसरला आणि तोंड उघडं ठेवून ऐकत राहिला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. धर्मेंद्रकाका शिंगाडा हातात धरून बायकोकडे असे बघत होते, जणू ती आत्ताच पहिल्यांदा दिसली.

मी पडद्याआडून संवाद सांगायचं सोडून दिलं. कोणाला नको होते.

रुचिता माझ्या शेजारी उभी होती. लॅपटॉप घरी होता. तिने मंचावरच्या मामांकडे आणि आईकडे पाहत दोन बोटं वर केली.

"दोन," ती म्हणाली.